विलायती इंजिन आणि खानदेशचा उन्हाळा

विलायतेतील एका स्पोर्ट्स गाडीचा आपल्या धुळे-जळगावच्या वैशाखाशी काय संबंध, असे श्रोत्यांपैकी कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन निघाली. तिचे ‘बी’ मालिकेतील १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन १९५५ मध्ये ‘एम. जी. ए.’ या स्पोर्ट्स गाडीत बसले. १९५९ पासून त्याच घराण्यातील तेवढ्याच मापाचे इंजिन उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरमध्ये आले. फरक असा, की तिकडे दोन कार्बोरेटर आणि इकडे एक. तिकडच्या हौशी तरुणाची मौज आणि इकडच्या टॅक्सीवाल्याचे पोट अशी दोन्ही एका घराण्याच्या इंजिनावर चालली.

परंतु हे इंजिन जन्मले थंड हवेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दुपारी मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर सोडून सातपुड्याच्या चढाला लागले, की गाडी आचके देई आणि बंद पडे. अर्ध्या तासाने मात्र, जणू काही झालेच नाही, अशी सुरू होई.

आता रोग कोणता? अडाणी मनुष्य म्हणे, ‘गाडी तापली होती, थांबल्याने निवली.’ पण यावरून काहीच सिद्ध होत नाही. इंजिनाच्या कडेचा पेट्रोल पंप तापून नळीत वाफ धरली, तरी हेच लक्षण. आणि ठिणगी देणारी कॉइल किंवा कंडेन्सर तापून निकामी झाला, तरी हेच. दोन्ही विकार विश्रांतीने बरे होतात. म्हणून जाणता मिस्त्री थांबत नसे. गाडी गरम आहे तोवरच तपास करी. प्रथम प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरायची आणि इंजिन फिरवायचे. निळी, कडक ठिणगी पडली, तर वीज निर्दोष. मग कार्बोरेटरची नळी सोडून पाहायची. तेथे पेट्रोल येत नसेल, तर शेवटची परीक्षा म्हणजे पंपावर ओले फडके. फडके टाकताच पेट्रोल वाहू लागले, तर निदान पक्के. येथे औषध हाच पुरावा!

याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. ॲम्बॅसडरचा पंप इंजिनालाच जोडलेला असून तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की पेट्रोल लवकर उकळते. एम. जी. ए. मध्ये विजेचा पंप मागे, टाकीजवळ असे. तो पेट्रोल पुढे ढकली. शिवाय या इंजिनात धुराची तापलेली नळी आणि कार्बोरेटर एकाच अंगाला आहेत. मग फडक्यानेच कसे भागे? तर आपली हवा कोरडी म्हणून. ओले फडके येथे झपाट्याने सुकते आणि सुकताना उष्णता घेऊन जाते. आपल्या वाळ्याच्या पडद्याचे तत्त्व तेच. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका गुण देणार नाही. ज्या उन्हाने रोग दिला, त्याच उन्हाने उपायही दिला.

हे न कळल्याने कित्येक चांगले पंप बदलले जात, आणि भुर्दंड मालकाला पडे. निदान चुकले की दुरुस्ती महागते, हा नियम गाडीपुरता नाही.

२०१४ साली ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले. नव्या गाड्यांत पंप टाकीतच बसतो. फडक्याचे काम संपले. मात्र पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळतात. त्याने जुन्या पंपांचे रबर खराब होण्याचा संभव असतो. म्हणजे ज्यांनी जुन्या गाड्या राखल्या आहेत, त्यांना तपासाची ही रीत आजही लागणार.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. गावोगावची दप्तरे त्यांनी जमवली, म्हणून पुष्कळ इतिहास वाचला. मिस्त्रीला दप्तर नसते. त्याची विद्या हातात आणि कानात असते, आणि त्याच्याबरोबरच जाते. आपल्या आळीत असा वृद्ध मिस्त्री असेल, तर एक वही घेऊन त्याच्याजवळ बसावे. तेही इतिहाससंशोधनच आहे.