फोटोतला हत्ती आणि फोटोबाहेरचा माणूस

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

तिलारीच्या बाजूला हत्ती दिसला की तासाभरात त्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. काही खरे असतात, काही दुसऱ्याच राज्यातले, आणि आता तर काही कॉम्प्युटरने बनवलेले. मग वाद सुरू. शहरातला म्हणतो, "किती देखणा आहे, त्याला त्रास देऊ नका." ज्याचे माड मोडले तो म्हणतो, "एक रात्र आमच्याकडे राहायला या, मग बोला." दोघांच्या मोबाईलवर फोटो मात्र एकच.

म्हणून म्हटलं, रानटी हत्तीच्या फोटोचा इतिहास एकदा नीट मांडावा. फोटोत खोटेपणा कॉम्प्युटर आल्यावर शिरला असा आपला समज आहे. पण काटछाट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. आणि हत्तीच्या फोटोतून सगळ्यात जास्त वेळा कापला गेलाय तो माणूस.

सुरुवात झाली शिकारीच्या फोटोंपासून. हत्ती मरून पडलेला, त्याच्यावर पाय ठेवून किंवा सुळ्याला टेकून साहेब उभा. माग काढणारे, बंदुका वाहणारे स्थानिक लोक असलेच तर कडेला. खाली नाव फक्त साहेबाचं. म्हणजे तेव्हा माणूस फोटोत होता, पण कुठला माणूस दिसायचा हे ठरलेलं होतं.

जिवंत हत्तीचा फोटो काढणं त्या काळी फार अवघड. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा, आणि अंधारात उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवायची. कार्ल गेओर्ग शिलिंग्ज नावाच्या जर्मन माणसाने पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या भागात, हे काम केलं. त्याचं पुस्तक १९०५ मध्ये आलं. नावातच फ्लॅश आणि बंदूक दोन्ही होतं, कारण तो फोटोही काढायचा आणि जनावरंही मारायचा. किलिमांजारोजवळ दोन मोठे सुळेवाले हत्ती आणि त्यांच्या सोबतीने राहणारा एक जिराफ, हा त्याचा गाजलेला फोटो. त्याच्या पुस्तकाची जाहिरात झाली ती 'हात न फिरवलेले फोटो' म्हणून. आता विचार करा, अशी ग्वाही तेव्हा का द्यावी लागली? कारण हात फिरवणं सर्रास चालायचं. निगेटिव्हवर पेन्सिलने रेषा ठळक करायच्या, नको ते ब्रशने पुसायचं, एका प्लेटवरचं आभाळ दुसऱ्या फोटोला जोडायचं. आपण आज बोटाने करतो ते तेव्हा ब्रशने व्हायचं, एवढाच फरक.

आता आपल्या शेजारी या. म्हैसूर संस्थानात काकनकोटेच्या जंगलात खेद्दा व्हायचा. खेद्दा म्हणजे रानटी कळप हाकून, नदीतून पार करून कोंडवाड्यात घालायचा. जी. पी. सँडरसनने १८७० च्या दशकात म्हैसुरात ही पद्धत बसवली. पुढे बडे पाहुणे आले की खेद्द्याचा सोहळा व्हायचा आणि त्याचे भरपूर फोटो निघायचे. नदीत उतरलेला कळप भव्य दिसतो खरा, पण तो स्वतःहून उतरलेला नसायचा. मागे शेकडो हाकारे असायचे, त्यात जंगलात राहणारे कुरुब लोक मोठ्या संख्येने. फोटो पाहणाऱ्याच्या लक्षात राहायचे ते हत्ती आणि पाहुणे.

१९३७ चा 'एलिफंट बॉय' हा इंग्रजी सिनेमा याच म्हैसुरातला. रॉबर्ट फ्लाहर्टीने इथे जंगलात चित्रण केलं, झोल्टन कोर्डाने उरलेलं इंग्लंडमधल्या स्टुडिओत, आणि दोन्ही जोडून एक जंगल तयार झालं. बाहेरच्या जगाने भारतातला हत्ती पाहिला तो असा, अर्धा म्हैसूरचा आणि अर्धा लंडनजवळचा.

शेवटचा खेद्दा १९७१ मध्ये झाला. पुढे कबिनी धरण झालं आणि तो परिसर पाण्याखाली गेला. आज आपल्याकडचे कितीतरी लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन तिथेच जातात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर कोवळं गवत येतं आणि शेकडो हत्ती तिथे जमतात. फोटो अप्रतिम येतात. खाली लिहितात, 'माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल'. अहो, ते धरण आहे! पाणी माणसाने अडवलंय, गवत त्या पाण्याच्या चढ-उतारामुळे आलंय. या जलाशयापायी गावं उठली, आणि जंगलातून कुरुबांनाही बाहेर पडावं लागलं. फोटोला कुणी बोटही लावलेलं नाही, तरी इतिहास कापला गेला. क्रॉपिंग असंही होतं.

दुसरी परंपराही आपल्याच देशात आहे. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२ ते १९९६) आयुष्यभर कृष्णधवल फोटो काढत राहिले. वेगवेगळे भाग जोडून त्यांनी स्वतःचा अवजड कॅमेरा बनवला होता आणि त्याला गमतीने 'सुपर पॉन्डरोसा' म्हणायचे. पायी किंवा पाळीव हत्तीच्या पाठीवरून ते जंगल फिरले. १९५९ ते १९७० या काळातल्या भारतीय वन्यजीवांचा त्यांनी घेतलेला आढावा मुंबईच्या बीएनएचएसने १९७५ मध्ये पुस्तकरूपाने छापला. त्यांच्यासाठी फोटो हा पुरावा होता, निरीक्षणाच्या वहीचं एक पान.

हा पुरावा शब्द महत्त्वाचा आहे. १९६० च्या दशकात टांझानियात मन्यारा सरोवराकाठी इयन डग्लस-हॅमिल्टन, आणि १९७२ पासून केनियात अंबोसेलीत सिंथिया मॉस यांनी एकेक हत्ती ओळखून त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. ओळखायचं कसं? कानाची फाटलेली कड, कानातली भोकं, सुळ्यांची ठेवण. कुठला हत्ती कुठे गेला, कुठली मादी व्याली, कोण मेला, हे सगळं त्या फोटोंवरून कळू लागलं. आता सांगा, फोटो 'स्वच्छ' करताना एखाद्याने कानाची फाटलेली कड सारखी केली, मोडका सुळा पूर्ण केला, तर काय पुसलं गेलं? त्या हत्तीचं आधार कार्डच पुसलं की!

कॉम्प्युटर आल्यावर काम फक्त सोपं झालं. १९८२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि टीका ओढवून घेतली. १९९४ मध्ये आर्ट वुल्फ या नामवंत फोटोग्राफरच्या 'मायग्रेशन्स' पुस्तकावरून वाद झाला, कारण कळप दाट दिसावा म्हणून काही फोटोंत प्राण्यांच्या नकला चिकटवल्या होत्या. कळपात किती जनावरं होती हा प्रश्न चित्रकाराला पडत नसेल, पण जनावरं मोजणाऱ्याला पडतो. म्हणून मोठ्या वन्यजीव स्पर्धा आता मूळ फाईल मागतात. उजेड-अंधार थोडा सावरलेला चालतो. काही घातलं किंवा काढलं तर बाद.

पण संपादन फक्त फोटोत होत नाही, फोटोखालच्या ओळीतही होतं. मे २०२० मध्ये केरळात एक गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली. तोंडात स्फोटकाने जखम झाली होती, खाता येत नव्हतं. पाण्यात उभ्या हत्तिणीचा फोटो खरा होता. पण सोबत फिरलं काय? कुणीतरी तिला मुद्दाम फटाके भरलेला अननस खाऊ घातला. जिल्हा मलप्पुरम. त्यावरून धर्मापर्यंत गोष्ट गेली. प्रत्यक्षात घटना पलक्कड जिल्ह्यातली. तपासात पुढे आलं ते रानडुकरांसाठी स्फोटक भरून ठेवलेल्या नारळाचं. गुन्हा होताच, क्रूरही होता. पण तो डुकरांनी हैराण झालेल्या शेतीच्या भागातला बेकायदा प्रकार होता. फोटोला हात न लावता गोष्ट बदलली.

याउलट २०१७ चा एक फोटो बघा. पश्चिम बंगालच्या बांकुरा जिल्ह्यात बिप्लब हाजरा यांनी काढलेला. जमावाने फेकलेल्या आगीतून पळणारी हत्तीण आणि तिच्या मागे पिल्लू. मुंबईच्या सँक्च्युअरी मासिकाने त्याला त्या वर्षीचा मोठा पुरस्कार दिला. या फोटोत माणूस आहे, म्हणून तो अंगावर येतो. पण एका क्षणाचा फोटो तो. आदल्या रात्री कुणाचं भात गेलं, हत्तींची वाट कुणी अडवली, हे त्यात मावत नाही. जमाव राक्षस दिसतो. आग टाकणं चूकच, त्यात दुमत नाही. पण चूक समजून घ्यायची तर फोटोच्या चौकटीबाहेर जावं लागतं.

आता आपलं बघू. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले. वीस वर्षं होऊन गेली. माड, पोफळी, केळी, भात, किती गेलं ते तिथल्या बागायतदाराला विचारा. २०२५ मध्ये मोर्ल्यात एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने कळप आला. तिथे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मजुरीला आलेला तेवीस वर्षांचा पोरगा टस्करासोबत सेल्फी घ्यायला जवळ गेला आणि जिवाला मुकला. मोबाईलची लेन्स तोकडी, म्हणून माणूस जवळ जातो. हत्ती गोजिरवाणा असतो हे त्याला कुणी शिकवलं? आपणच फॉरवर्ड केलेल्या फोटोंनी. हत्ती सोंडेत सिंहाचं पिल्लू घेऊन चाललाय, हा फोटो आठवतो ना? तो आफ्रिकेतल्या एका पेजने एप्रिल फूल म्हणून बनवला होता. आपल्याकडे लोक अजून त्याखाली 'माणसापेक्षा प्राणी बरे' असं लिहितात.

आणि तिलारीलाही धरणच आहे बरं का. जलाशयाकाठचा हत्ती कबिनीसारखाच सुंदर दिसतो. फोटोच्या डाव्या कडेला मोडलेली केळीची बाग असते, ती कापली की फोटो जास्त चांगला दिसतो. तेवढी एक कड कापली की शेतकऱ्याची बाजू संपली.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. मूळ फोटो जपून ठेवा, तारीख आणि गाव लिहून. हत्तीच्या अंगावरच्या खुणा पुसू नका. हत्ती आत्ता कुठे आहे हे जगाला सांगू नका, वनखात्याला आणि आजूबाजूच्या वाडीला सांगा. आणि हत्तीचा एक फोटो टाकाल तेव्हा मोडलेल्या माडाचा, रात्री मचाणावर जागणाऱ्याचाही एक टाका.

हत्तीला कुठे ठेवायचं, भरपाई किती आणि कधी द्यायची, हे निर्णय पुण्या-मुंबईत बसून होतात. तिथल्या माणसाला आपलं गाव दिसतं ते फोटोतूनच. त्याला हत्ती दिसू दे. आपणही दिसायला हवं.