मीठ, साखर आणि आतड्याचे दार

जुलाब झाले की मीठ-साखर-पाणी द्यावे, हे आपण वर्गात शिकवतो. ‘यात साखर कशासाठी?’ असे विचारले, तर बहुतेक मुले ‘चवीसाठी’ किंवा ‘ताकद येण्यासाठी’ असे सांगतात. साखरेचे मुख्य काम मात्र वेगळेच आहे. ते उमगले १९६० साली. आणि ते ज्या प्रथिनामुळे घडते त्याचे जनुक हाती लागायला आणखी २७ वर्षे जावी लागली.

पेशीभोवतीचे पटल मेदाचे असते. पाण्यात विरघळणारे ग्लुकोज त्यातून सहज आत शिरू शकत नाही. मग आतड्यातील ग्लुकोज पेशीत जाते कसे? ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. पेशीच्या आत सोडियम कमी असतो, बाहेर जास्त. म्हणून सोडियमची ओढ आत येण्याकडे असते. पटलातील एक वाहक सोडियम आणि ग्लुकोज दोघांना मिळूनच आत घेतो. आत आलेला सोडियम पेशी दुसऱ्या बाजूने बाहेर काढते, त्यामुळे ही ओढ टिकून राहते. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागे पाणीही जाते.

पटकीच्या विषामुळे आतड्यातून क्षार आणि पाणी भराभर बाहेर पडतात; पण वाहकाचे हे दार शाबूत असते. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ग्लुकोज व क्षार यांचे द्रावण पटकीच्या रुग्णांना पाजले, तेव्हा शिरेतून द्यावयाच्या सलाइनची गरज पुष्कळच कमी झाली. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगावजवळ निर्वासितांत पटकीची साथ पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी असे द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. दार कसे दिसते हे तोवर कोणालाच माहीत नव्हते.

ते शोधणे अवघडच होते. पटलात अनेक प्रथिने असतात, त्यांत हे अगदी थोडे. आणि पटलाबाहेर काढले की त्याचे काम थांबते. मग ओळखायचे कसे? कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिस येथे मथायस हेडिगर, अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाऐवजी त्याच्या ‘कृती’चा शोध घ्यायचे ठरवले. परक्या जीवाचा आरएनए टोचला तर बेडकीची अंडपेशी त्यानुसार प्रथिन बनवते, हे जॉन गर्डन यांनी १९७१ मध्येच दाखवले होते. या गटाने सशाच्या आतड्यातील संदेशवाहक आरएनए अंडपेशींत टोचला. त्या ग्लुकोजसारखी शर्करा सोडियमसह आत घेऊ लागल्या! मग या आरएनएपासून डीएनएच्या प्रती करून त्या जिवाणूंत वाढवल्या आणि त्यांचे गट पाडले. ज्या गटामुळे शर्करा आत जाते तो ठेवायचा आणि पुन्हा विभागायचा. ‘१ ते १०० मधला अंक ओळखा’ या खेळासारखेच हे. अखेर एकच प्रत उरली. हे वर्ष होते १९८७. दोनच वर्षांनी मानवी वाहकाची कृतीही मिळाली: ६६४ अमिनो आम्लांची साखळी. तिला ‘एसजीएलटी-१’ असे नाव आहे.

परक्या पेशीकडून मानवी प्रथिन बनवून घेण्याचा उपयोग लवकरच दिसला. काही अर्भकांना आईच्या दुधानेही जिवावर बेतणारे जुलाब होतात. कारण दुधातील साखरेपासून मिळणारे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज त्यांचे आतडे शोषू शकत नाही. १९९१ साली अशा दोन बहिणींच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. त्यामुळे साखळीतील २८ वे अमिनो आम्ल बदलले होते. हाच बदल असलेला वाहक बेडकीच्या अंडपेशीत बनवून पाहिला. तो शर्करा आत नेईना. दोष कुठे आहे हे अशा रीतीने सिद्ध झाले. फ्रुक्टोज वेगळ्या वाहकातून जाते, म्हणून अशा बालकांना त्यावर आधारलेला आहार देऊन वाचवता येते. मानवी वाहकाची त्रिमितीय रचना शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली ती तर २०२२ मध्ये.

बनगावच्या रुग्णांना या रचनेची वाट पाहावी लागली नाही. त्या बहिणींच्या आजाराचे कारण मात्र जनुक हाती आल्याखेरीज कळले नसते.

आता वर्गाकडे वळू. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे प्रमाण आपण सांगतो. ‘ताकदीसाठी’ म्हणून कोणी साखर दुप्पट घातली तर? दारातून जाऊ न शकलेली साखर आतड्यातच राहते, पाणी आपल्याकडे ओढते आणि जुलाब वाढवते. म्हणून मुलांना प्रमाण पाठ करायला लावण्याआधी दाराची गोष्ट सांगावी. कारण कळलेले मूल घरी चमचा मोजूनच घालील.