मोरीच्या पाण्यावरचा चहा

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात गवती चहाची जागा ठरलेली होती. न्हाणीघराची मोरी भिंतीखालून जिथे परसात निघायची, तिथे. एका बाजूला अळू, दुसऱ्या बाजूला कर्दळ आणि मध्ये हे बेट फोफावलेलं. त्याला मुद्दाम पाणी कुणी घातल्याचं मला आठवत नाही. घरातल्या अकरा माणसांच्या आंघोळी त्याला पुरायच्या. संध्याकाळी आजी मला कात्री देऊन पाठवायची आणि दर वेळी बजावायची, "वरची पाती घे गं, बुडखा हलवू नकोस, आणि तीन पाण्यांनी धू." तीन पाण्यांचं कारण उघड होतं. कात्रीचंही: पातीची कड बोटाला इतकी बारीक चिरते की रक्त दिसत नाही. नंतर लिंबू पिळताना कळतं.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नात आली आणि म्हणाली, "आजी, आइस टी करू या." मी म्हटलं, विकतची पूड नको, आपण गवती चहाचा करू. केला. पाती उकळल्या, चहाची पूडही जरा सढळ हाताने टाकली, गाळला आणि गरम गरमच फ्रिजमध्ये ठेवून दिला. सकाळी पाहिलं तर जगमध्ये गढूळ, मातकट पाणी. नात म्हणाली, "आजी, हे तर गंगेला पूर आल्यासारखं दिसतंय." नाशिककरांच्या नातवंडांनाही गोदावरीला गंगाच म्हणायची सवय असते, एवढ्यावर मी समाधान मानलं. चहातले तुरट अंश आणि कॅफीन थंडीत एकमेकांना धरून बसतात, म्हणून दाट चहा गार होताना गढुळतो, हे नंतर वाचलं. त्यात थोडं उकळतं पाणी घातलं की तो पुन्हा निवळतो. पण माझ्या डोक्यात राहिला तो दुसराच विचार. आजीच्या उन्हाळ्यात या चहाला जागाच नव्हती. मोरीजवळची पाती पावसाळ्यात आणि थंडीत कापली जायची, सर्दी-पडशाला आल्याबरोबर. उन्हाळ्यातलं गार, सुगंधी पाणी वेगळं होतं, आणि ते नुसत्या माठातून यायचं.

शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे मला नावांकडे संशयाने बघायची खोड आहे. 'गवती चहा' हे नाव नाण्यावर साल कोरल्यासारखं आहे. गवताला चहा म्हणायचं तर आधी चहा माहीत हवा, आणि महाराष्ट्राच्या घरांत चहा शिरला तो एकोणिसाव्या शतकात. तोही सरळ, राजरोस नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली, कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांवर मिटलं. चहाचा एक कप इतका महाग क्वचितच कुणाला पडला असेल. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी, जिथे अर्ध्या गल्ल्यांत प्रायश्चित्तं देणारेच राहत, तिथे ही बातमी कशी चघळली गेली असेल याची मी मनातल्या मनात खूप वेळा कल्पना केली आहे. मला वाटतं, परसातल्या गवताला चहाचं नाव मिळालं यात एक सोय होती. पाती आपल्या मोरीची, पाणी आपल्या आडाचं. बाटण्याचा प्रश्नच नाही.

उन्हाळ्याचं खरं पेय म्हणजे वाळ्याचं पाणी. वाळा म्हणजे खसाची मुळं. फाल्गुन सरता सरता गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात त्याच्या जुड्या दिसायला लागत. आजी जुडी घेताना आधी झटकून माती पाहायची, मग एक मुळी चुरगाळून वास घ्यायची. घरी आणून ती दोनदा धुवायची, गच्चीवर खडखडीत वाळवायची, मग पांढऱ्या मलमलच्या तुकड्यात बांधून माठात सोडायची. तीन-चार दिवसांनी वास उतरला की पुरचुंडी पुन्हा उन्हात. एक जुडी अशी महिनाभर चाले. नव्या माठाच्या मातीचा वास आणि वाळ्याचा वास एकमेकांत मिसळले की त्या पाण्याला जी चव येई, तिला साखर लावायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे.

हे घरगुती वाटतं, पण याचं शास्त्र फार जुनं आणि काटेकोर आहे. आयुर्वेदात औषध तयार करण्याच्या ज्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. उकळत्या पाण्यात वनस्पती घालून झाकून ठेवायची आणि गाळून घ्यायची, तो फांट. चहा म्हणजे फांटच. आणि थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं, तो हिम. शार्ङ्गधराने प्रमाणही देऊन ठेवलं आहे: हिमाला एक भाग औषध, सहा भाग पाणी, फांटाला चार भाग पाणी. चरकाने तापात तहानेसाठी सांगितलेलं षडंगपानीय नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ यांचं. ते उकळून गार करून द्यायचं. आजकाल कॅफेच्या फळ्यांवर 'कोल्ड ब्रू' लिहिलेलं वाचते तेव्हा मला गणेशवाडीतल्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या मुलांना हाक मारून सांगावंसं वाटतं, की तुमच्या पुस्तकातला 'हिम' बघा किती रुपयांना विकला जातोय.

आता माठाबद्दल. नाशिकला माठ जितका चालतो तितका मुंबईला चालत नाही, आणि यात मुंबईच्या कुंभारांचा दोष नाही. माठ गार होतो तो बाहेरच्या अंगाने झिरपलेलं पाणी वाऱ्याबरोबर उडून जातं म्हणून. आमच्याकडे एप्रिल-मेची दुपार चाळिशीकडे झुकलेली असली तरी हवा कोरडी ठाक असते. पाणी भराभर उडतं आणि माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज खाली येतं. मुंबईत हवाच ओली, माठाला घाम फुटायला वाव नाही. म्हणून बर्फ आमच्या आधी मुंबईला आला याचं मला कधी नवल वाटलं नाही. ज्या गावाला मातीचं भांडं पुरत नव्हतं, त्या गावाने समुद्रापलीकडून गारवा मागवला.

आणि तो आला अमेरिकेहून! बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दाबून जहाजांनी विकायचा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं आणि चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, त्यातला १०० टनांच्या आसपास घेऊन पोचलं. लगोलग मुंबईलाही बर्फ उतरू लागला, गोदीजवळ त्याचं घर बांधलं गेलं. जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत बर्फाचा थाट केला आणि पाहुण्यांसकट यजमानांनाही पडसं झालं, असा किस्सा 'मुंबई समाचार'च्या हवाल्याने सांगतात. माझी आजी हा किस्सा ऐकती तर म्हणाली असती, होणारच.

कारण आजीचा बर्फावर विश्वास नव्हता. १८६५ मध्ये थळ घाटाची रेल्वे सुरू झाली तेव्हापासून मुंबईचा माल सरळ आमच्या अंगणापर्यंत येऊ लागला. अंगण म्हणजे नाशिकरोड. तिथून गावात यायला १८८९ पासून घोड्यांची ट्राम होती. आजी सांगायची, तिच्या लहानपणी घरात कुणाला ताप चढला आणि डॉक्टरांनी डोक्यावर बर्फ सांगितला, तेव्हा तिचा काका ट्रामने स्टेशनवर गेला आणि गोणपाटात, भुशात गुंडाळलेली लादी मांडीवर घेऊन परत आला. धोतर भिजलं, मांडी बधिर झाली, आणि घरी पोचेपर्यंत लादीचा पुरणाच्या डब्याएवढा तुकडा उरला होता. बर्फ तिच्या लेखी असा होता: तापाच्या कपाळावरचा. पोटात घ्यायचा नाही, कारण तो कुणाच्या पाण्याचा, कुणी हात लावलेला, कुणास ठाऊक. सोड्याच्या बाटलीबद्दलही तिचं तेच मत होतं. गोटी मात्र आम्हाला खेळायला चालायची.

हा सोवळेपणा गोंडस करून सांगण्यात अर्थ नाही. उन्हाळा लागला की घाटावर आणि कारंजांजवळ पाणपोया लागत. तांबड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, आत वाळा, बाजूला पितळी ओगराळं. घालणाऱ्याला पुण्य, पिणाऱ्याला गारवा. पण ते ओगराळं सगळ्यांच्या ओंजळीवर सारखं रितं होत नसे. काहींना पाणी लांबून, पन्हळीतून सोडलं जाई. आजी हे सांगताना आवाज खाली करायची, जसा कुणाच्या आजाराबद्दल बोलताना करतात. आमच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी तिथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला, आणि दरवाजे बंदच राहिले. मार्च म्हणजे नाशकात माठ बदलायचा महिना. त्या दिवशी मंदिराच्या चारही दारांशी बसलेल्यांना पाणी कुणी दिलं असेल, हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारायची. पुस्तकात तो नव्हता.

घरातल्या उन्हाळ्याला सणांचीही साथ होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं; अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला मातीचा घडा दान द्यायचा, पितरांच्या तहानेसाठी. कसमादे भागातल्या आणि खानदेशी शेजाऱ्यांची ती आखाजी. त्यांच्या घागरीवर डांगर (म्हणजे खरबूज) नि आंबे ठेवलेले असत, आणि सांजोऱ्या आमच्याकडे पोचत. आजी दानाच्या घड्यातही वाळ्याच्या दोन काड्या टाकायची. मेलेल्यांनी काय नुसतं पाणी प्यायचं, म्हणायची.

आणि थंड चहा? त्याची गंमत अशी की त्यातही हिंदुस्थानचा हात आहे. १९०३ मध्ये इथे चहावर उपकर बसवणारा कायदा झाला. त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला मोठं प्रदर्शन भरलं. तिथल्या उकाड्यात हिंदी चहाचे प्रचारक रिचर्ड ब्लेचिंडन यांच्या वाफाळत्या कपाकडे कुणी फिरकेना, म्हणून त्यांनी त्यात बर्फ टाकला, असं सांगतात. थंड चहाची कृती अमेरिकेतल्या पाकपुस्तकांत त्याआधी पंचवीस वर्षांपासून छापलेली होती, त्यामुळे शोधाचं श्रेय त्यांना देता येत नाही. पण तो लोकांच्या हाती दिला तो त्यांनी, असं मानतात. म्हणजे आपला चहा आणि त्यांचा बर्फ. त्याच्या सत्तर वर्षं आधी त्यांचा बर्फ आपल्याकडे आला होता, त्याची ही परतफेडच म्हणायची.

नातीबरोबर दुसऱ्या खेपेला मी चहाची पूड बाजूलाच ठेवली. लिटरभर पाण्याला दहा-बारा पाती, गाठ मारून. पाणी खळखळलं की गॅस बंद, पाती आत, वर घट्ट झाकण, पंधरा मिनिटं. उघड्या पातेल्यात उकळत ठेवलं की तो लिंबासारखा वास स्वयंपाकघराला मिळतो, पेल्याला नाही. गाळून, खडीसाखर विरघळवून, आपोआप निवू दिलं. मग ते एका छोट्या माठात ओतलं; वाळ्याची पुरचुंडी त्यात आधीच पडलेली होती. फांट आणि हिम एकाच भांड्यात, वैद्यांनी रागवू नये. संध्याकाळी पेल्यात भिजवलेला सब्जा, अर्धं लिंबू. नातीने फ्रिज उघडून बर्फाचे दोन खडे टाकले, एक घोट घेतला, मग बोटाने दोन्ही खडे काढून बेसिनमध्ये टाकले. "वास कमी होतोय," म्हणाली.

वाडा आता नाही. तिथे चार मजली इमारत आहे. आम्ही गंगापूर रोडला राहतो, चौथ्या मजल्यावर. मोरी नाही, परस नाही. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून रोज बादलीभर खारट पाणी वाया जातं. त्याची नळी मी बाल्कनीतल्या कुंडीत सोडली आहे. गवती चहा कमरेएवढा वाढलाय. पाती मात्र अजून तीन पाण्यांनीच धुते.