धनकोची अट आणि ऋणकोचे घर

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट ही पेठ भाजीपाल्याच्या हाटासाठी शहरात परिचित आहे. याच पेठेतील मेट्रो प्लाझा या इमारतीत मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाचे कार्यालय आहे. घरातील दिव्याचा आणि शेतातील पंपाचा वीजदर तेथे ठरतो. राष्ट्राराष्ट्रांमधील कर्जांचा इतिहास सांगताना अशा कार्यालयापासून आरंभ करावा, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु परकीय कर्जाची अट शेवटी कोठे येऊन पोहोचते, हे येथे जसे दिसते तसे अर्थमंत्रालयाच्या दप्तरात दिसत नाही.

१९४४ साली ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची आणि जागतिक बँकेची योजना आखली गेली. त्या परिषदेतील हिंदी प्रतिनिधिमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. अडचणीतील राष्ट्राला परकीय चलन पुरवावे आणि त्याबरोबर त्याने आपला कारभारही सुधारावा, असा प्रघात पुढे रूढ झाला. धनकोची ही अपेक्षा अन्यायाची नाही. प्रश्न एवढाच, की सुधारणा कोणती हे कोणी ठरवावयाचे?

आपल्या देशाने या प्रश्नाचा कटु अनुभव १९६६ साली घेतला. युद्ध, अवर्षण आणि थांबलेली परकीय मदत यांच्या कात्रीत सापडलेल्या सरकारने ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. मदत अपेक्षेइतकी आली नाही. लोकांच्या मनात मात्र दडपणाखाली मान तुकविल्याचा सल राहिला. १९९१ साली संकट अधिक तीव्र होते. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारणासाठी विमानाने लंडनला गेले. रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले आणि नाणेनिधीच्या कर्जाबरोबर आर्थिक धोरणाची दिशा पालटली.

पुढे ही दिशा राज्यांच्या दारी आली. जागतिक बँकेच्या कर्जाने चाललेल्या ओरिसातील वीजसुधारणेत स्वतंत्र नियामक आयोग १९९६ साली निर्माण झाला. १९९८ साली केंद्राने त्यासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशातही आयोग स्थापन झाला. या राज्यात १९९३ पासून पाच अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज विनामूल्य मिळत होती. वीज मंडळ तोट्याने वाकले होते. त्यातच २००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची वीजकेंद्रे तिकडे गेली. २००१ साली आशियाई विकास बँकेने वीजसुधारणेसाठी ३५ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. मंडळाची विभागणी आणि दरांची फेररचना ही त्या सुधारणेची अंगे होती. २००३ च्या निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी हेच मुद्दे गाजले, आणि सत्तारूढ पक्ष पराभूत झाला. कर्जाच्या करारावर सही करणारी बँक मतदारांपुढे उभी राहत नाही. उभे राहावे लागते ते राज्यकर्त्यांना. बिल भरावे लागते ते शेतकऱ्याला.

मग अट झुगारावी काय? तोट्याचा हिशेब खोटा नव्हता. वीज फुकट म्हटल्याने तिची किंमत नाहीशी होत नाही. २००३ च्या वीज कायद्याने यावर एक मार्ग दाखविला आहे. सरकारला वीज स्वस्त द्यावयाची असेल तर ती द्यावी, परंतु तिची रक्कम खजिन्यातून आगाऊ भरावी. दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती विचारात घेणेही त्याच कायद्याने आयोगाला बंधनकारक केले आहे.

१९६६ आणि त्यानंतरचा हा भेद महत्त्वाचा आहे. बंद दालनात मान्य केलेली अट लाचारी ठरते. तीच अट आपल्या विधिमंडळाने तपासली, कायद्यात घातली आणि सामान्य ग्राहकाला तिच्याविरुद्ध बोलण्याची जागा ठेवली, तर ती आपली शिस्त होऊ शकते. अर्थात ही जागा कागदावर असून भागत नाही. दराचे किचकट तक्ते जाणणारे आणि हरकत लिहून देणारे नागरिक तेथे गेले पाहिजेत. कर्ज हप्त्याहप्त्याने फिटते. परंतु त्याच्या निमित्ताने आलेली संस्था मागे राहते. ती कोणाच्या कामी यावी, हे ठरविणे आता धनकोच्या हाती नसून आपल्या हाती आहे.