पाच वर्षांनंतर मूल कुणाचं?

मागच्या महिन्यात एका मुंजीला आमच्याकडची बरीच मंडळी जमली होती. जेवणं झाली, विडे आले आणि विषय निघाला तो नात्यातल्याच एका जोडप्याचा. (नावं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.) दोघं वर्षभर वेगळी राहतात, सहा वर्षांचा मुलगा आईजवळ आहे. आमचे अण्णा ठामपणे म्हणाले, "पाच वर्षं झाली की मूल बापाचं. कायदाच आहे तसा." त्या मुलाची आजी पलीकडेच सुपारी कातरत बसली होती. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे. तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

मी इतिहासाची शिक्षिका. ॲनी बेझंट दरवर्षी शिकवल्या. थिऑसॉफी, १९१६ ची होमरूल लीग, १९१७ साली काँग्रेसचं अध्यक्षपद. "टिपा लिहा"मधली हक्काची टीप! पण या बाईंची पोटची मुलगी कोर्टाने काढून घेतली होती, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर वाचलं.

गोष्ट इंग्लंडमधली आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवरा-बायको वेगळी झाली की मुलं बापाची, हा प्रश्नच नसायचा. अंगावर पिणारं मूलसुद्धा बाप घेऊन जाऊ शकत असे. १८३६ साली कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेच्या नवऱ्याने तिचे तिन्ही मुलगे तिच्यापासून तोडले. तिने पत्रकं लिहिली, संसदेतल्या माणसांच्या मागे लागली आणि १८३९ साली कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आईला मागता येऊ लागला, तोही ती व्यभिचारी ठरलेली नसेल तर. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, तिला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही. नवऱ्याने मुलं स्कॉटलंडला ठेवली होती आणि हा कायदा तिथे लागू नव्हता. १८४२ मध्ये धाकटा घोड्यावरून पडून गेला.

बेझंटबाईंचं लग्न एका पाद्र्याशी झालं होतं. बाईंची श्रद्धा उडाली, १८७३ साली दोघं कायदेशीररीत्या वेगळी झाली. मुलगा डिग्बी वडिलांकडे, मुलगी मेबल आईकडे, असं लेखी ठरलं. पुढे १८७७ साली बाईंनी ब्रॅडलॉ यांच्याबरोबर संततिनियमनावरची एक पुस्तिका छापली आणि त्यावरून मोठा खटला झाला. नवऱ्याला कारणच मिळालं. १८७८ साली त्याने मेबलचा ताबा मागितला. बाईंनी स्वतः उभं राहून आपली बाजू मांडली. पण नास्तिक आणि असलं पुस्तक छापणारी बाई मुलीला वाढवायला योग्य नाही, असं न्यायाधीश जेसेल यांनी ठरवलं. मेबलची आबाळ होते असं कुणाचंही म्हणणं नव्हतं, हे लक्षात घ्या. ती तापातून नुकती उठली होती. वडिलांचा माणूस आला आणि रडत, हातपाय झाडत असलेल्या पोरीला उचलून घेऊन गेला, असं बाईंनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. ती जेमतेम सात वर्षांची होती. तिला कुठे राहायचंय हे कुणी विचारलं नाही.

(मोठी झाल्यावर दोन्ही मुलं आपण होऊन आईकडे आली.)

आता याच बाई पस्तीस वर्षांनी मद्रासच्या हायकोर्टात दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा भाऊ नित्यानंद ही आई नसलेली मुलं. त्यांचे वडील नारायणय्या यांनी १९१० साली पत्र लिहून मुलांचं पालकत्व बाईंना दिलं. बाईंनी मुलं शिक्षणासाठी इंग्लंडला नेली. वडिलांचं मन पालटलं, त्यांनी १९१२ साली दावा लावला. मद्रासला बाई दोन्ही वेळा हरल्या. १९१४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये जिंकल्या. मुलं इंग्लंडमध्ये असताना मद्रासच्या कोर्टाला हे ठरवता येत नाही, असा मुख्य मुद्दा होता. पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. मुलांना परत जायचं आहे की नाही, हे या निकालात विचारात घेतलं गेलं. मेबलच्या वाट्याला न आलेली गोष्ट या दोघांच्या वाट्याला आली.

नारायणय्यांची मला दया येते, हेही लिहून ठेवते. बापाचंही काळीज असतंच. प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटलं होतं की हिंदू कायद्याने बाप नैसर्गिक पालक आहे आणि दिलेलं पत्र तो मागे घेऊ शकतो. पण पालकत्व ही मुलासाठी सांभाळायची विश्वस्ताची जबाबदारी आहे.

आता आपल्याकडचं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच लिहिलेलं आहे की मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. १९५६ च्या हिंदू कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक बाप आणि "त्याच्यानंतर" आई, असं आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, एवढंच त्यात पुढे म्हटलं आहे. पाच पूर्ण झाली की बापाकडे पाठवा, असं कुठेही नाही. आणि कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यांत वर.

"त्याच्यानंतर" या शब्दाने मात्र बायकांना फार छळलं. १९८२-८३ ची गोष्ट असेल. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई सहलीच्या संमतिपत्रावर सही करायला आली होती. नवऱ्याने टाकलेली, शिवणकाम करून पोर वाढवणारी. मी तिला म्हटलं, "वडिलांची सही आणा." नियम होता, पण "चालेल" म्हणायला मला कुणी अडवलं नसतं. मुलगा सहलीला आला नाही.

पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली, म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ साली निकाल लागला: "त्याच्यानंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे, तो मुलाकडे बघत नसेल तेव्हाही. आमच्या सहलीला सोळा-सतरा वर्षं उशीर झाला, एवढंच. आता तर महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं.

एक शब्द मात्र मला अजून खटकतो. ताबा. घराचा ताबा, जमिनीचा ताबा, आणि मुलाचाही ताबाच.

आमच्या नात्यातल्या त्या मुलाचं काय होईल ते कोर्ट बघेल. वडील दर रविवारी येतात, त्याला बागेत नेतात आणि तो खुशीत जातो, हे मी पाहिलं आहे. अण्णा हे वाचतीलच, त्यांचा नातू त्यांना मोबाइलवर उघडून देतो. अण्णा, कलम ६ आणि १३ ची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे. गणपतीला याल तेव्हा देते.