एकतीस मेची शाल

विद्यापीठाच्या देखभाल-दुरुस्ती विभागात एकतीस मे हा सणाचा दिवस. त्या दिवशी दुपारी तीनला वसतिगृहाचा नळ फुटला तर फुटू द्यावा, कोणी सापडत नाही. वायरमन, प्लंबर, सुतार, माळी, मुकादम, सगळे सभागृहात. पुढच्या रांगेत सहा-सात उत्सवमूर्ती, शेजारी ठेवणीतली साडी नेसलेल्या मालकिणी, मांडीवर एखादे नातवंड. टेबलावर शालींचा गठ्ठा, पिशवीतून न काढलेला. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आणि आत एकेकाच्या खांद्यावर लोकरी शाल चढत असते.

एकाच दिवशी इतके जण कसे निवृत्त होतात? याचे उत्तर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. जन्मतारीख, १ जून. पूर्वी खेड्यात पोर शाळेत घालायला नेले की गुरुजी उंची बघून वय ठरवत आणि शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस त्याच्या आदल्या दिवशी निवृत्त होतो. बाकीच्या गटांना अठ्ठावन्न, गट ड म्हणजे शिपाई, माळी, पहारेकरी यांना साठ. त्यामुळे कोण्या गुरुजीच्या सोयीखातर अख्खा विभाग एका दुपारी शाल पांघरतो.

मी अशा एका विभागाच्या आस्थापनेत काही वर्षे टेबल सांभाळले. निवृत्तीचे परिपत्रक टंकणे, सूचनाफलकावर लावणे आणि शाली आणणे, ही तिन्ही कामे एकाच टेबलाची. पहिल्या वर्षी पेठेतल्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने मान वर न करता विचारले, "द्यायची दाखवू, का वापरायची?"

द्यायची शाल आणि वापरायची शाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला त्या दिवशी कळले. द्यायची शाल लुधियाना-अमृतसरकडून येते, काठ भरगच्च, सूत निम्मे खोटे, आणि फोटोत उत्तम दिसते. ती घडी करून परत दिली तर दुकानदार घेतो. पुष्कळशा शाली अशाच दोन-चार खांदे फिरून येतात. मला त्या प्रश्नाचा राग आला होता. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की हा प्रश्न त्या दुकानदाराचा नव्हेच, तो चांगला दोन-अडीचशे वर्षे जुना आहे.

मुळात शाल नव्हती, वस्त्रे होती. अरबीत खिलत म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशी 'उतरवणे, अंगातून काढणे' असा अर्थ आहे. राजाने स्वतःच्या अंगावरचा झगा उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालायचा, ही मूळ कल्पना. मालकाच्या अंगाची ऊब चाकराच्या अंगाला लागली की तो त्याचा माणूस झाला. पुढे घेणाऱ्यांची संख्या वाढली, अंगावरचे कपडे किती पुरणार? मग राजवाड्यांतून अशा पोषाखांची कोठारे भरली. आपल्याकडे जामदारखाना म्हणतात तो हाच, जाम्यांचा खाना. जामदार आडनावाच्या माणसाच्या कोण्या पूर्वजाने कधीतरी अशा घड्या मोजल्या असतील.

मराठीत 'वस्त्रे मिळाली' याचा अर्थ नेमणूक झाली. १७१३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या मांजरीला शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. ते गेल्यावर एप्रिल १७२० मध्ये कऱ्हाडजवळ मसूरला विशीही न गाठलेल्या बाजीरावांना मिळाली. वस्त्रे अंगावर आली की काम सुरू. आजच्या भाषेत तो रुजू होण्याचा आदेश. आणि इथेच सगळी गंमत आहे: जे कापड चाकरीच्या पहिल्या दिवशी मिळायचे, ते आपल्याकडे आता शेवटच्या दिवशी मिळते. हे उलटे कधी झाले?

त्याआधी एक प्रसंग, कारण देखभाल विभागातल्या प्रत्येक सत्काराला त्याची सावली असते. १२ मे १६६६, आग्रा. चांद्र कालगणनेने औरंगजेबाचा पन्नासावा वाढदिवस. शिवाजी महाराजांना नेऊन उभे केले ते मागच्या रांगेत, पुढे राजा जसवंतसिंगाची पाठ. समारंभाचे विडे वाटले, त्यात महाराजांनाही मिळाला. मग खिलती वाटल्या. शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला. महाराजांना नाही. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भर दरबारात ते संतापून बाजूला जाऊन बसल्यावर बादशहाने समजूत काढायला माणसे पाठवली आणि त्यांच्यासोबत खिलत देऊ केली. महाराजांनी ती घेतली नाही. मागून आलेल्या वस्त्राला किंमत नसते. आपण कोणत्या रांगेत आहोत ते आधी ठरते, कापड त्यानंतर येते.

वस्त्राची शाल झाली त्याचे कारण, मला वाटते, शिंप्याच्या दृष्टीने बघावे. झगा मापाचा लागतो. शाल सगळ्यांना होते. काश्मिरी शालींचा अकबराला शौक होता, दोन शाली पाठीला पाठ लावून पांघरायची चाल त्याच्या वेळची. पुढच्या काळात दरबारी पोषाखात शालजोडी हमखास असे. पेशवाईत त्या खालोखाल शेला-पागोटे. मुलाच्या मुंजीपासून कामगिरी फत्ते करून आलेल्या सरदारापर्यंत सगळ्यांना. इतके वाटले की शेवटी त्याचा विनोद झाला. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एकेकाच्या नावाने चिमटे काढणाऱ्या चिठ्ठ्या वाचतात, त्यांनाच आपण शेलापागोटे म्हणतो. सन्मानाचा शब्द टोमण्याला दिला गेला आणि कोणाला खटकलेही नाही.

आता कंपनी सरकार. कंपनीचे साहेब संस्थानिकांकडून शाली, पोषाख, तलवारी घेत सुटले, तेव्हा १७७३ च्या नियामक कायद्याने नजराणे घेण्यावर बंदी आली. पण दरबारात गेल्यावर समोरच्याने अंगावर घातलेली शाल नाकारायची तर त्याचा अपमान. मग तोड निघाली. साहेबाने शाल घ्यायची आणि परत आल्यावर सरकारी तोशाखान्यात जमा करायची. कारकुनाने तिची किंमत वहीत लिहायची. पुढच्या राजाला काही द्यायची वेळ आली की त्याच तोशाखान्यातून, तितक्याच किमतीची वस्तू काढायची. म्हणजे एका नवाबाची शाल दुसऱ्या राजाच्या खांद्यावर. द्यायची का वापरायची, हा हिशेब तेव्हापासून चोख आहे.

याच राजवटीत वस्त्राचे काम कागदाने घेतले. नेमणूक हुकमाने, पगार महिन्याच्या महिन्याला, बढती ज्येष्ठतेने, शेवटी पेन्शन. पहिल्या दिवशी वस्त्र घालायचे कारणच उरले नाही. चपराशाला मिळे तो पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, चपरास. त्यावरूनच त्याचे नाव पडले, पण तो मान कचेरीचा होता, नोकरी सुटली की बिल्ला जमा. माणसाला द्यायचे ते चाकरी संपल्यावर, असा नवा रिवाज इंग्रजी फौजेतून आला. १८३० मध्ये चौथ्या विल्यमने पायदळात एकवीस वर्षे काढलेल्या, वर्तणूक चांगली असलेल्या शिपायांसाठी पदक सुरू केले. दीर्घ सेवा आणि चांगली वर्तणूक. हे दोन शब्द तिथून निघून आपल्या गोपनीय अहवालापर्यंत येऊन पोचले आहेत. मी टंकलेल्या प्रत्येक मानपत्रात ते होते, वाक्य थोडे फुलवून इतकेच.

मुलकी नोकरांची पाळी १९०२ मध्ये आली. सातव्या एडवर्डने वरच्या कारकुनी वर्गासाठी इम्पीरियल सर्व्हिस ऑर्डर काढली आणि खालच्या वर्गासाठी त्याच नावाचे मेडल, निवृत्तीच्या वेळी द्यायचे. पुढे गोल आकाराच्या झालेल्या या मेडलच्या मागे एक चित्र आहे. काम संपवून विसावलेला माणूस, आणि निष्ठेच्या सेवेबद्दल अशा अर्थाची अक्षरे. तो माणूस उघडा आहे. अंगावर चिंधी नाही. जिथे पूर्वी वस्त्र देत, तिथे आलेल्या पदकावर नेमका उघडा माणूस कोरावा, हे त्या कलाकाराच्या लक्षात आले नसणार. ग्रीक पुतळ्यांची सवय, दुसरे काय.

स्वातंत्र्यानंतर साहेबाचे पदक गेले. त्याच्या रिकाम्या जागेत, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या दुपारी, आपली जुनी शाल येऊन बसली असावी. हा माझा तर्क. पण त्याने एक कोडे सुटते. वस्त्र आपले, मुहूर्त मात्र इंग्रजी.

शालीसोबतच्या नारळाचे मात्र सगळे आपणच केले. लग्नकार्यातून पाहुणा निघाला की त्याच्या हातावर नारळ ठेवायचा, म्हणजे निरोप. त्यावरून 'नारळ देणे' म्हणजे कामावरून काढणे. निमंत्रणपत्रिकेवर हाच नारळ श्रीफळ होतो. आमच्या विभागातला एक मेस्त्री सत्काराला उत्तर देताना म्हणाला होता, "अधिकाऱ्यांनी तीनदा नारळ द्यायचं बघितलं, तिन्ही वेळा वाचलो. चवथ्याला श्रीफळ म्हणून दिला, घ्यावा लागला." सभागृह हसले. अधिकारीही हसले, जरा उशिराने.

सत्काराची ही एक बाजू. बातमीची, म्हणजे कामगाराचे म्हणणे छापून येण्याची, बाजू वेगळ्याच घराण्यातली आहे. १८८० मध्ये मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' हे वृत्तपत्र हाती घेतले. पत्र मूळचे कृष्णराव भालेकरांचे, पुण्याला १८७७ मध्ये निघालेले. लोखंडे मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर होते. म्हणजे आमच्या विभागातल्या भांडारपालाचेच काम, सुटे भाग मोजून द्यायचे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पंधरा तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. या यादीत सत्कार कुठेच नाही. रविवारची सुटी मिळायला जून १८९० उजाडला. लोखंड्यांना नंतर सरकारने रावबहादूर केले. त्यांनी मागितले होते ते दुसरेच.

आमच्या सूचनाफलकावर वर्षभर पुष्कळ काही लागे. कोणाच्या मुलीला दहावीत चांगले गुण, कोणाचे दुःखद निधन, सहकारी पतपेढीचा लाभांश, एखाद्याला गुणवंत कामगार पुरस्कार मिळाल्याचे अभिनंदन. लोक येता-जाता नजर टाकत. पण १ जानेवारीची ज्येष्ठता यादी लागली की फलकापुढे गर्दी. आधी तात्पुरती, मग हरकती, मग अंतिम. चार दिवसांत तो कागद काळा पडे. वायरमनच्या बोटांचे ग्रीस, माळ्याच्या बोटांची माती, ओळीओळीने खाली ओढलेली. आपले नाव सापडले की बोट थांबे, मग वर सरके: आपल्यापुढे कोण, आणि त्याला किती वर्षे उरली. पेशवाईतली वस्त्रे जे काम करत, ते आता ही यादी करते. आग्र्याच्या दरबारातली रांगही त्याच कागदावर आहे.

एकदा एका पंपचालकाचे नाव यादीत त्याच्या मागून लागलेल्या माणसाच्या खाली गेले. टंकताना चूक झाली होती, आणि टंकणारा मी होतो. तो टेबलाशी आला, बसला नाही. "चूक असेल तर शुद्धिपत्रक काढा," एवढेच म्हणाला. ते निघायला पाच महिने लागले. त्याच वर्षी विभागाने उत्तम कामाबद्दल त्याचे प्रशस्तिपत्रक काढले होते. ते त्याने माझ्याच टेबलावर विसरून ठेवले. की विसरून नाही, हे मी कधी विचारले नाही.

अलीकडे ती यादी आखूड होत चालली आहे. निवृत्तांच्या जागी कंत्राटदाराची माणसे आली. कंत्राटी कामगारांचा कायदा आला १९७० मध्ये, पण आमच्याकडे त्यांचे दिवस आले ते बरेच पुढे. त्यांचा हजेरीपट वेगळा, सूचनाफलक नाही, जन्मतारीख सेवापुस्तकात नाही. त्यांना एकतीस मे नसतो. समारंभात खुर्च्या मांडायला आणि पाणी फिरवायला तेच असतात, आणि शालींचा गठ्ठा माझ्या टेबलावरून सभागृहापर्यंत त्यांच्यापैकीच कोणीतरी उचलून नेई.

तो पंपचालक निवृत्त झाला त्या वर्षी शाली आणायला मीच गेलो. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला. मी एक वापरायची घेतली, बाकी द्यायच्या. समारंभात कोणती कोणाच्या खांद्यावर गेली ते मला दिसले नाही. शाल घालणारे पाहुणे गठ्ठ्यातून वरची उचलत होते.

दोन जूनला सकाळी पंपघरावरून जात होतो. दार उघडे. तो आत, बनियनवर, जुन्या टाकीच्या व्हॉल्व्हशी वाकलेला, शेजारी कंत्राटदाराचा विशीतला पोरगा. तो व्हॉल्व्ह उलटा बसवलेला आहे, बंद करायला गेले की उघडतो, आणि हे कुठल्याही नकाशात नाही. तो पोराचा हात चाकावर ठेवून स्वतःच्या हाताने फिरवून दाखवत होता. अडीच फेरे, मग जरा मागे. शाल खुर्चीच्या पाठीवर होती. मी पाहिले, ती द्यायचीच होती.