विद्यापीठाचे कारभारी आणि आपण

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम आम्हास संकोच वाटला. विषय विद्यापीठाचा, आणि आम्ही तर 1975 साली मॅट्रिक होऊन, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून प्राथमिक शाळेत खडू हाती घेतलेले शिक्षक. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. तथापि आमच्या हाताखालून गेलेली ढोकी व पंचक्रोशीतील कित्येक मुले-मुली ती चढली. त्यांच्या पदव्यांवर ज्यांच्या सह्या आहेत ती माणसे कोण, त्यांच्या हाती काय असते आणि त्यांना कोण नेमते, हे ज्ञातिबांधवांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

आपला धाराशिव जिल्हा पूर्वी निजामाच्या मुलखात होता. त्या राज्यात उच्च शिक्षणाचे स्थान म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. ते 1918 साली स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग तेथे झाला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास गणित असो वा इतिहास, आधी उर्दू पक्की केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

1938 साली औरंगाबादच्या व हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. चालकांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी माफी मागण्याचे नाकारले. शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी आपल्या विद्यापीठाचे दार त्या मुलांना उघडून दिले. पुढे 1991 साली भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच मुलांपैकी एक होत. एका ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी मुलांस बाहेर काढले, दुसऱ्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने त्यांस आत घेतले. मुले तीच होती. खुर्चीवरील माणूस मात्र निराळा होता. विद्यापीठाचा कारभार कोणाच्या हाती आहे या प्रश्नाचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या समितीने स्वतंत्र विद्यापीठाचा विचार केला, आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

पहिले कुलगुरू म्हणून सु. रा. डोंगरकेरी यांची निवड झाली, ती मोठी अर्थपूर्ण होती. मुंबई विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे कुलसचिवाचे काम केले होते. त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. दप्तर कसे ठेवावे, परीक्षा कशा घ्याव्यात, नवे महाविद्यालय संलग्न करताना काय पाहावे, हे ज्यास हस्तगत होते अशा माणसाकडे नव्या विद्यापीठाची घडी बसविण्याचे काम आले. पुढे त्याच आसनावर फलटणचे प्राचार्य, नामवंत वक्ते शिवाजीराव भोसले बसले, आणि आपल्याच मराठवाड्यातील मुखेडचे साहित्यिक डॉ. नागनाथ कोत्तापल्ले हेही बसले.

विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न मात्र एवढ्याने सुटला नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित बांधवांची घरे जाळली गेली, माणसे प्राणास मुकली. ही गोष्ट लिहिताना आजही मान खाली जाते. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ निघाले व लातूर जिल्हा तिकडे गेला. त्यामुळे आपल्या ढोकीची गंमत झाली आहे. मुलगा धाराशिवास शिकला तर तो छत्रपती संभाजीनगरचा पदवीधर, आणि मुरूडवरून पुढे लातूरला शिकला तर नांदेडचा. एका घरातील दोन भावांची विद्यापीठे दोन!

आता प्रत्यक्ष कारभाराकडे वळू. 2016 च्या कायद्याप्रमाणे राज्यपाल हे कुलपती. शोध समितीने सुचविलेल्या नावांतून ते पाच वर्षांसाठी कुलगुरू नेमतात. कुलसचिवाकडे दप्तर व शिक्का असतो. अधिष्ठाते आपापल्या विद्याशाखेचे शिक्षण पाहतात, अभ्यास मंडळे पाठ्यक्रम ठरवितात, परीक्षा विभाग प्रश्नपत्रिकेपासून निकालापर्यंतचे काम वाहतो. पैशाचा व व्यवस्थेचा निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतो. आमच्या शाळेच्या अनुभवाने सांगतो, धडा गुरुजी शिकवितात. पण दाखल्यावरील जन्मतारीख कारकुनाच्या लेखणीतून उतरते, आणि ती चुकली तर जन्मभर निस्तरावी लागते. म्हणून शिकविणारा व दप्तर सांभाळणारा या दोघांचीही योग्यता आम्ही सारखीच मानतो.

याशिवाय अधिसभा नावाची एक सभा असते. विद्यापीठाचा अर्थसंकल्प व वार्षिक अहवाल तिच्यापुढे येतात, आणि तेथे प्रश्न विचारता येतात. तीत 10 प्रतिनिधी नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यावयाचे असतात. ‘नोंदणीकृत’ या शब्दाकडे आम्ही बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. पदवी मिळाली म्हणून मत मिळत नाही. त्यासाठी अर्ज भरून नाव नोंदवावे लागते.

मध्यंतरी आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांची चौकशी केली. ओळखीच्या अकरा पदवीधरांपैकी नऊ जणांच्या घरी पदवीदानाची तसबीर भिंतीवर टांगलेली दिसली. नाव मात्र एकानेही नोंदविलेले नव्हते. त्यांना दोष कसा द्यावा? असे काही असते हे आम्हीच त्यांना कधी शिकविले नव्हते, कारण ते आम्हासही ठाऊक नव्हते. मग मुलींच्या वसतिगृहासाठी किंवा निकालाच्या विलंबाविषयी आपल्या वतीने कोणी बोलत नाही, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

2004 साली विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवास आले. विद्यापीठ आपल्या दाराशी आले. आता आपणही चार पावले चालून गेले पाहिजे. पुढील स्नेहसंमेलनात गुणवंतांचा सत्कार होईल, तेव्हा नारळ व शालीबरोबर प्रत्येक नव्या पदवीधराच्या हाती नोंदणीचा अर्जही द्यावा, आणि तो तेथेच भरून घ्यावा, अशी आमची मंडळास नम्र सूचना आहे. ते अर्ज भरून घेण्यास, दृष्टी साथ देईल तोवर, आम्ही स्वतः टेबलाशी बसू. लेखात काही अधिकउणे असल्यास ते आमच्या अल्पशिक्षणाकडे पाहून सुज्ञांनी पोटात घालावे. इत्यलम्.